‘विमा’ हा एक शब्द आणि चार व्यवहार : यवतमाळ जिल्ह्यातील आयुर्विमाविषयक गैरसमजांचा विचार

यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात ‘विमा आला का?’ असा प्रश्न कानी पडला, तर विचारणाऱ्याच्या मनात बहुधा कपाशीचा किंवा सोयाबीनचा विमा असतो. घरातील कर्ता पुरुष अपघातात दगावला, की ‘सातबाऱ्यावर नाव होते ना, मग विमा मिळेल’ असे शेजारीपाजारी सांगतात. तेथे त्यांना शासनाची अपघात योजना अभिप्रेत असते. कर्जाने पिचलेल्या शेतकऱ्याने जीव दिला, तर चौकशीनंतर कुटुंबास मिळणाऱ्या शासकीय साहाय्यालाही कित्येकदा विम्याचे पैसेच म्हटले जाते. आणि विमा प्रतिनिधीने घरी येऊन उतरवलेला, अथवा बँकेच्या खात्यातून वर्षाकाठी एकदा रक्कम वळती होऊन चालू राहणारा, असा जो खरा आयुर्विमा, त्याचाही निर्देश याच शब्दाने होतो. चार भिन्न व्यवहार एका शब्दाच्या छत्राखाली आले म्हणजे एकाचे नियम दुसऱ्यास लागू आहेत असे वाटू लागते. आयुर्विम्यासंबंधीचे अनेक गैरसमज निव्वळ अज्ञानातून उत्पन्न झालेले नसून या सरमिसळीतून उत्पन्न झालेले आहेत. ते एका अर्थी अनुभवाचेच निष्कर्ष होत. मात्र तो अनुभव दुसऱ्याच व्यवहाराचा असतो. त्यांची किंमत मोजावी लागते ती बहुधा मागे राहिलेल्या स्त्रीला. हक्काची रक्कम आहे हेच ठाऊक नसल्यामुळे, किंवा ‘आपल्याला काही मिळायचे नाही’ अशी आधीच समजूत करून घेतल्यामुळे, ती दावाच दाखल करीत नाही.

प्रथम पीक विम्याचा विचार करू. २०१६ च्या खरिपापासून चालू असलेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत नुकसानभरपाई मुख्यतः क्षेत्राच्या सरासरीवरून ठरते. प्रमुख पिकांसाठी महसूल मंडळ हा घटक धरून पीक कापणी प्रयोग केले जातात आणि मंडळाचे सरासरी उत्पन्न उंबरठा उत्पन्नाहून कमी भरले, तरच त्या मंडळातील विमाधारकांना भरपाई मिळते. या क्षेत्रीय पद्धतीचा भारतातील आग्रही पुरस्कार अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांनी १९७६ मध्ये केला व त्यांच्याच मांडणीच्या आधारे १९७९ पासून सर्वसाधारण विमा महामंडळाने प्रायोगिक योजना हाती घेतली. लाखो लहान खातेदारांच्या प्रत्येक धुऱ्यावर जाऊन पंचनामा करणे अशक्य, हा दांडेकरांचा मुद्दा सयुक्तिकच होता. परंतु त्याचा परिणाम असा होतो की एखाद्याची स्वतःची कपाशी बोंडअळीने पूर्ण गेली, तरी मंडळाची सरासरी टिकली असेल तर त्यास काहीही मिळत नाही. ‘हप्ता घेतात, पैसा देत नाहीत’ ही भावना येथे रुजते व तीच पुढे आयुर्विम्याकडे पाहण्याची दृष्टी ठरते. २०२३ च्या खरिपापासून महाराष्ट्रात शेतकऱ्याने केवळ एक रुपया भरण्याची सवलत होती. ती २०२५ मध्ये बंद झाली. या मधल्या काळाने हप्ता ही एक नाममात्र बाब आहे, असाही समज मागे ठेवला असल्यास नवल नाही.

दुसरा व्यवहार अपघाताचा. ‘गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात विमा योजना’ या नावाने चाललेल्या योजनेत मृत्यू कसा झाला, हाच मुख्य प्रश्न असे. सर्पदंश, विजेचा धक्का, वीज पडणे, पाण्यात बुडणे, रस्त्यावरील अपघात, जंतुनाशके हाताळताना झालेली विषबाधा ही कारणे ग्राह्य. नैसर्गिक मृत्यू आणि आत्महत्या अग्राह्य. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली, तेव्हा या योजनेची मर्यादा उघड झाली. मृतांत दुसऱ्याच्या शेतात रोजंदारीने फवारणी करणारे मजूरही होते, आणि योजना त्या वेळी सातबाऱ्यावर नाव असलेल्या खातेदारापुरतीच होती. (त्या मृतांच्या वारसांना शासनाने वेगळे साहाय्य दिले, ही गोष्ट निराळी.) खातेदाराच्या कुटुंबातील आणखी एका सदस्याचा समावेश २०१९ मध्ये झाला, भूमिहीन मजूर तरीही बाहेरच राहिला. पुढे २०२३ मध्ये शासनाने ही योजना विमा कंपन्यांमार्फत न चालवता स्वतःच अनुदान देण्याचे ठरवले, आणि तिच्या नावातील ‘विमा’ हा शब्द गळून ‘सुरक्षा सानुग्रह अनुदान’ हे शब्द आले. शब्दांच्या या फेरबदलाकडे सहसा लक्ष जात नाही. परंतु विमा आणि साहाय्य यांतील भेद येथे खुद्द शासनाच्याच लेखणीने मान्य झाला आहे.

तिसरा व्यवहार आत्महत्याग्रस्त कुटुंबास मिळणाऱ्या साहाय्याचा. २३ जानेवारी २००६ च्या शासननिर्णयानुसार अशा कुटुंबास एक लाख रुपये देण्यात येऊ लागले. त्यांपैकी तीस हजार हाती व सत्तर हजार ठेवीच्या रूपाने. त्याच वर्षी जुलैमध्ये पश्चिम विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी केंद्राचे ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. यवतमाळ त्यांपैकी एक. साहाय्य मिळण्यापूर्वी शेती कुटुंबाच्या नावे होती काय, कर्ज कोणाचे होते, ते थकले होते काय, नापिकी झाली होती काय, यांची चौकशी होते आणि प्रकरण ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरते. हे दोन शब्द या जिल्ह्यात मृत्यूलाच चिकटून बसले आहेत. एकदा ‘अपात्र’ असा शेरा पडला की घरात जी काही विमापत्रे असतील तीही अपात्रच झाली, अशी समजूत करून घेणे अगदी सोपे असते.

वस्तुतः आयुर्विमा या तिन्हींहून मूलतः वेगळा आहे. तो भरपाईचा करार नव्हे. मनुष्याच्या जिवाची किंमत मोजून तेवढी भरून द्यावी, असे त्यात गृहीत नसते. विशिष्ट घटना घडल्यास ठरलेली रक्कम द्यावयाची, एवढेच त्यात असते. इंग्लंडमध्ये १८५४ च्या डॉल्बी खटल्यात हे तत्त्व निश्चित झाले व भारतीय कायद्यानेही तेच स्वीकारले. म्हणून मंडळाची सरासरी, सातबारा, कर्जाची थकबाकी यांपैकी कशाचाही येथे संबंध नाही. मृत्यू तापाने झाला की हृदयविकाराने, हेही सामान्यतः पाहिले जात नाही. भूमिहीन मजुराच्या जिवाचा विमा आणि शंभर एकरांच्या मालकाच्या जिवाचा विमा यांत तत्त्वतः काही अंतर नाही. आत्महत्येविषयी तर गैरसमज फारच पक्का आहे. अपघाताच्या विम्यात ती केव्हाही वगळलेली असते, हे खरे; आयुर्विम्यात मात्र तिच्यासंबंधीचे बंधन सामान्यतः पहिल्या बारा महिन्यांपुरते असते, आणि त्या अवधीतही भरलेल्या हप्त्यांचा मोठा भाग परत करण्याची तरतूद आहे. नियमाचा हेतू मागे राहिलेल्या निरपराध आश्रितांचा निर्वाह हा आहे. शासकीय चौकशीतील ‘अपात्र’ या शेऱ्याचा विमापत्रावर काहीही परिणाम होत नाही. त्या घरातील स्त्रीने दावा केलाच पाहिजे.

‘कंपनी शेवटी काहीतरी खुसपट काढतेच’ हा आक्षेपही वारंवार ऐकू येतो. त्यात तथ्याचा अंश आहे, पण तो कोठे आहे हे नीट पाहावयास हवे. आयुर्विमा हा परम विश्वासाचा करार मानला जातो. विमेदाराच्या प्रकृतीची माहिती त्याच्यापाशीच असते, म्हणून ती त्याने प्रस्तावपत्रात खरी सांगावी, अशी अपेक्षा असते. खेड्यात प्रस्तावपत्र भरतो तो विमा प्रतिनिधी. विमेदार केवळ सही किंवा अंगठा करतो. आजाराच्या प्रश्नांपुढे ‘नाही, नाही, नाही’ असे ओळीने लिहिले जाते आणि त्याची जबाबदारी मात्र सही करणाऱ्यावर राहते. २०१९ मध्ये रेखाबेन राठोड प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पूर्वीच्या विमापत्राची माहिती दडवली म्हणून दावा नाकारणे योग्य ठरवले आणि कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही केल्याची सबब मान्य केली नाही. उलट बाजूस, १९३८ च्या विमा अधिनियमाच्या कलम ४५ ने विमेदारास मोठे संरक्षण दिले आहे. मूळ कलमानुसार दोन वर्षे उलटल्यावर विमापत्रास आव्हान द्यावयाचे, तर महत्त्वाची बाब दडवली गेली, ती कपटाने दडवली, आणि दडवताना विमेदारास तिची जाणीव होती, हे तिन्ही विमाकर्त्यास सिद्ध करावे लागे. मिठूलाल नायक खटल्यात (१९६२) सर्वोच्च न्यायालयाने ही फोड केली. त्या खटल्यात कपट सिद्ध झाल्यामुळे दावेदार हरला, परंतु त्यातील कसोटी पुढील कित्येक दावेदारांच्या उपयोगी पडली. २०१५ च्या दुरुस्तीने अवधी तीन वर्षांचा झाला; मात्र तो संपल्यानंतर कोणत्याही कारणास्तव विमापत्रास आव्हान देता येत नाही. विमापत्र बंद पडून पुन्हा चालू केले असल्यास हा अवधी पुन्हा तेथून मोजला जातो, हे विसरता कामा नये. वयासंबंधी आणखी एक भीती असते. जुन्या पिढीत जन्मतारीख अंदाजाने लिहिलेली असे. परंतु वयाचा पुरावा नंतर मिळाल्यास हप्ता किंवा रक्कम त्या मानाने दुरुस्त करता येते. तेवढ्यावरून विमापत्र रद्द होत नाही.

यानंतर नामनिर्देशनाचा प्रश्न. सुशिक्षितांचीही गफलत येथे होते, म्हणून त्यात थोडे खोल शिरणे आवश्यक आहे. ‘ज्याचे नाव लावले त्याचे पैसे’ असा सार्वत्रिक समज आहे. अधिनियमाच्या कलम ३९ खाली नाव लावलेली व्यक्ती ही रक्कम स्वीकारणारा केवळ हात होय, मालकी वारसांचीच राहते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने सरबती देवी विरुद्ध उषा देवी या प्रकरणात डिसेंबर १९८३ मध्ये दिला. त्यात नाव पत्नीचे होते. मुलगा व मृताची आई यांनी हिस्सा मागितला आणि तो त्यांना मिळाला. म्हणजे त्या काळापुरता लोकसमज सरळसरळ चुकीचा होता. २०१५ च्या दुरुस्तीने मात्र परिस्थिती पालटली. विमेदाराने आपले आई-वडील, पती किंवा पत्नी, अथवा मुले यांपैकी कोणाचे नाव लावले असेल, तर ती व्यक्ती त्या रकमेची लाभार्थी ठरते, असे पोटकलम ७ सांगते. आणि दुरुस्तीनंतर देय होणाऱ्या सर्व विमापत्रांना, मग ती कितीही जुनी असोत, ते लागू केले गेले.

याचा व्यावहारिक अर्थ एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. दारव्हा तालुक्यातील एका तरुणाने अविवाहित असताना विमा उतरवला व वडिलांचे नाव लावले. पुढे लग्न झाले, दोन मुले झाली. नाव बदलावे असे कोणाच्या ध्यानी आले नाही. तो २०१३ मध्ये वारला असता, तर पैसे वडिलांच्या हाती आले असते खरे. पण १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमात पुत्र, कन्या, विधवा व माता हे पहिल्या वर्गातील वारस असून पिता दुसऱ्या वर्गात असल्यामुळे, त्या रकमेत वडिलांचा कवडीचाही हिस्सा नसता. तोच तरुण २०१८ मध्ये वारला, तर पोटकलम ७ च्या सरळ वाचनानुसार सगळी रक्कम वडिलांची. नोंद तीच, शाई तीच, अर्थ मात्र उलटा. या पोटकलमाच्या व्याप्तीविषयी न्यायालयांचे एकमत झालेले नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये वारसांचा हक्क त्यामुळे नष्ट होत नाही, असा अर्थ लावला आहे. तोवर सुनेने सासऱ्याविरुद्ध दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी, हा काही उपाय म्हणता येणार नाही. लग्नानंतर विमाकर्त्याकडे एक साधा अर्ज देऊन नाव बदलता येते. ते आपोआप बदलते, हा समज या प्रकरणातील सर्वांत घातक समज होय. केळापूर, मारेगाव, झरी-जामणी या भागांतील कोलाम, गोंड, परधान कुटुंबांसंबंधी आणखी एक बाब ध्यानात ठेवावी लागते : अनुसूचित जमातींना हिंदू उत्तराधिकार अधिनियम लागू नसून तेथे वारसा रूढीने ठरतो, त्यामुळे नोंदीतील नाव अचूक असणे त्यांच्या बाबतीत अधिकच महत्त्वाचे.

कर्जबाजारी घरात विमा उतरवण्यास होणारा विरोध निराळ्याच भीतीतून येतो : ‘मेल्यावर पैसा आला तरी तो सोसायटी नाही तर सावकारच नेणार’. ही भीती ज्या कायद्याने दूर होते तो दीडशे वर्षांचा जुना आहे, आणि तरीही तो खेड्यापर्यंत पोचलेला नाही. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेविषयीच्या अधिनियमातील कलम ६ नुसार पुरुषाने स्वतःच्या जिवाचा विमा पत्नीच्या किंवा मुलांच्या लाभासाठी म्हणून उतरवला, तर तो त्यांच्यासाठी निर्माण झालेला न्यास समजला जातो. त्यावर पतीचा ताबा चालत नाही, त्याच्या धनकोंचा चालत नाही, आणि ती रक्कम त्याच्या मालमत्तेचा भागही होत नाही. १९२३ च्या दुरुस्तीने हिंदू, मुसलमान, शीख व जैन यांच्या विमापत्रांविषयीची शंकाही दूर झाली. धनकोंना बुडवण्याच्या हेतूने विमा उतरवल्याचे सिद्ध झाले, तर विम्याच्या रकमेतून वसुली करण्याचा त्यांचा हक्क राहतो, एरवी नाही. याखेरीज दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये १९७६ साली घातलेल्या तरतुदीनुसार ऋणकोच्या जिवावरील विम्याची रक्कम हुकूमनाम्याच्या जप्तीतून मुक्त आहे. पहिल्या तरतुदीचा लाभ घेण्यासाठी प्रस्ताव देतानाच एक जादा पृष्ठ भरावे लागते. ते मागाहून जोडता येत नाही. ज्या जिल्ह्यात कर्ज हा घराघरातला विषय आहे, तेथे हे पृष्ठ विमा प्रतिनिधीने स्वतः होऊन पुढे केले पाहिजे. मोठ्या शहरातील व्यापारी ते न विसरता भरतात!

‘जिवंत राहिलो तर पैसे बुडाले’ हा आक्षेप मुदतीच्या शुद्ध विम्यावर घेतला जातो. त्याचे मूळ, विमा म्हणजे ठेव या कल्पनेत आहे, आणि ती कल्पना विमा व्यवसायानेच, बचत व विमा यांची सांगड घालणारी विमापत्रे पिढ्यान्‌पिढ्या विकून, जोपासलेली आहे. रानडुकरे व रोही यांपासून पीक राखण्यासाठी शेतकरी रात्री जागलीला जातो किंवा माणूस ठेवतो; डुकरे आलीच नाहीत म्हणून जागलीची मजुरी कोणी परत मागत नाही. शुद्ध विम्याचा हप्ता हा त्या मजुरीसारखा आहे. प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेत (२०१५) दोन लाखांच्या विम्याचा वार्षिक हप्ता प्रारंभी ३३० रुपये होता, तो जून २०२२ पासून ४३६ रुपये झाला; त्यांपैकी ३९५ रुपये विमाकर्त्यास मिळतात. एक लाख लोकांकडून ३ कोटी ९५ लाख रुपये जमतात. त्यांतून दोन लाखांचे १९७ दावे भागतात, अधिक नाही. म्हणजे हजारी दोनहून किंचित कमी मृत्यूंची ही तजवीज आहे. जिवंत राहिलेल्यांना परत द्यावयास त्यात काही शिल्लकच नसते. त्यांचे पैसे बुडत नाहीत, ते त्या १९७ घरांत गेलेले असतात.

याच योजनेत यवतमाळच्या शेतकऱ्याची गैरसोय करणारी एक गोष्ट आहे, आणि तिला गैरसमज म्हणता येणार नाही. हप्ता मे महिन्याच्या अखेरीस खात्यातून वळता होतो. कापूसवाल्याच्या घरी पैसा खेळतो तो दिवाळीपासून उलंगवाडीपर्यंत. मृगाच्या तोंडावर खाते कोरडे असते आणि बियाण्याची घाई असते. २०२४ च्या हंगामात बीटी कापसाच्या पाकिटाची कमाल किंमत ८६४ रुपये होती. म्हणजे हप्ता जवळजवळ अर्ध्या पाकिटाइतका. खात्यात तेवढी शिल्लक नसली तर विमा मुकाट्याने खंडित होतो, आणि घरातील माणसे मात्र ‘बँकेत विमा आहे’ याच समजुतीत राहतात. फवारणीचे, सर्पदंशाचे, वीज पडण्याचे दिवस नेमके त्यानंतर येतात. योजनेत वर्षाच्या मध्येही प्रवेश घेता येतो व डिसेंबर ते फेब्रुवारी या तिमाहीत हप्ता २२८ रुपयेच पडतो. पण नव्याने प्रवेश घेतल्यावर पहिले तीस दिवस अपघाती मृत्यूखेरीज संरक्षण मिळत नाही. यावर साधा तोडगा म्हणजे कापूस विकल्यावरच पुढील मेपुरती रक्कम खात्यात बाजूला ठेवणे. बँकांनीही एप्रिलमध्ये आठवण द्यावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

नेहमीच्या विमापत्रांबाबत हप्ता चुकण्याची भीती उलट वाजवीपेक्षा अधिक असते. वार्षिक, सहामाही व तिमाही हप्त्यांना तीस दिवसांची सवलत असते. त्या अवधीत मृत्यू झाल्यास दावा शाबूत राहतो. बचतीच्या विमापत्रांवर काही वर्षांचे हप्ते भरले गेले असतील, तर पुढे ते थांबले तरी सर्व काही नाहीसे होत नाही. हा अवधी दीर्घकाळ तीन वर्षांचा होता, २०१९ च्या विनियमांनी तो दोन वर्षांवर आणला, आणि ऑक्टोबर २०२४ पासून एका वर्षाच्या हप्त्यानंतरही काही मूल्य राहते. घटवलेल्या रकमेचा विमा चालू राहतो व मृत्यूनंतर ती रक्कम मागता येते. ट्रंकेतील जुने विमापत्र ‘बंद पडलेले’ म्हणून टाकून देण्यापूर्वी त्याची चौकशी शाखेत करणे म्हणूनच अगत्याचे आहे.

विमाकर्ताच बुडाला तर काय, हा प्रश्न जुन्या माणसांच्या तोंडी अद्यापि येतो व त्याला इतिहास आहे. १९५६ मध्ये चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना २४५ लहानमोठ्या संस्थांचा कारभार ताब्यात घेऊन १ सप्टेंबर रोजी आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले, त्यापूर्वी बुडालेल्या संस्थांची आठवण त्यामागे आहे. महामंडळाच्या विमापत्रांवरील रकमेस व बोनसास अधिनियमाच्या कलम ३७ नुसार केंद्र शासनाची हमी आहे. २००० नंतर आलेल्या खाजगी कंपन्यांना अशी हमी नाही. त्यांच्यावर नियामक प्राधिकरणाची देखरेख असते. मात्र या हमीमुळे आयुर्विमा हे शासकीय साहाय्य ठरत नाही. त्यासाठी तहसिलीत अर्ज करावयाचा नसतो, विमाकर्त्याच्या शाखेत करावयाचा असतो; आणि नाकारला गेल्यास मुदत अधिनियम, १९६३ अन्वये नकाराच्या दिनांकापासून तीन वर्षांच्या आत दावा लावता येतो.

दावाच न झालेल्या रकमांचे काय होते, तेही सांगितले पाहिजे. दहा वर्षे कोणी मागणी केली नाही, तर विमाकर्त्यास ती रक्कम केंद्र शासनाच्या ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत वर्ग करावी लागते. त्यानंतरही पंचवीस वर्षांपर्यंत वारसास विमाकर्त्यामार्फत ती मागता येते. विमाकर्त्यांच्या संकेतस्थळांवर नाव व जन्मतारीख देऊन तिचा शोध घेण्याची सोय आहे. पंचवीस वर्षांनंतर ती रक्कम केंद्र शासनाकडे जमा होते.